कायमच्या गोळ्यांचा खर्च: कात्री कुठे लावायची आणि कुठे अजिबात नाही?

आडवाट

रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइड असं तिन्ही ज्याला आहे, अशा साठीपुढच्या माणसाची रोजची यादी साधारण अशी असते:

मेटफॉर्मिन एसआर ५०० (दोनदा), सिटाग्लिप्टिन १००, टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन १०, टॉर्सेमाइड १०, पोटॅशियमचं सिरप, अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन १०, अ‍ॅस्पिरिन ७५, पॅन्टोप्राझोल ४०, लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन.

ही यादी नमुन्यादाखल आहे, पण बाराचा आकडा काही फुगवलेला नाही. ऑपरेशनचा खर्च एकदाच येतो. हा मात्र दर महिन्याला दार ठोठावतो, आणि एखाद्या महिन्यात हात आखडला की लोक पहिल्यांदा गोळ्याच दिवसाआड करतात.

पहिला हात कशाला घालावा? स्वस्त कंपनीची गोळी घ्यावी, मोठ्या ताकदीची आणून अर्धी करावी, की यादीच छोटी होऊ शकते? आणि कोणत्या ठिकाणी पैसे वाचतात पण माणूस गोत्यात येतो? ‘डॉक्टरांना विचारा’ हे ठाऊक आहे. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते सांगा.

खलबत्ता

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. दुकानात स्वस्त कंपनी मागतात, म्हणजे नको असलेली गोळीसुद्धा स्वस्तात घेत राहतात. आधी यादी बघायची, भाव नंतर.

कागदावर प्रत्येक औषधापुढे तीन रकाने आखा: कशासाठी सुरू झालं, कधी सुरू झालं, किती काळासाठी. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, सिरपं, मलमं एका पिशवीत घालून तपासणीला न्यायची. फक्त चिठ्ठी नेली तर दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून परस्पर आणलेली औषधं नजरेतून सुटतात.

तुमच्या नमुन्यातच एक साखळी आहे. अ‍ॅम्लोडिपिन १० मिग्रॅ या रक्तदाबाच्या गोळीवर अनेकांचे घोटे सुजतात. ५ वर हे प्रमाण बरंच कमी असतं. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळे येत नाही. बारीक धमन्या रुंदावतात, शिरांकडची बाजू तितकी रुंदावत नाही, मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. म्हणून लघवीच्या गोळीने, म्हणजे टॉर्सेमाइडने, ती नीट उतरत नाही. पोटॅशियम तेवढं वाहून जातं. मग पोटॅशियम कमी दिसतं म्हणून सिरप. एका गोळीच्या दुष्परिणामापायी दोन औषधं आणि दर काही महिन्यांनी एक रक्ततपासणी.

विचारायचा प्रश्न असा: “अ‍ॅम्लोडिपिन ५ वर आणून टेल्मिसार्टन ८० केलं, तर टॉर्सेमाइड आणि पोटॅशियम थांबवता येईल का?” टेल्मिसार्टन हेही रक्तदाबाचंच औषध, पण त्याचा गट शिरांकडची बाजूही सैल करतो, त्यामुळे सूज उतरायला मदतच होते. मात्र टॉर्सेमाइड हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिलेलं असेल तर हा प्रश्नच रद्द. चालताना धाप लागते का, लघवीतून प्रथिनं जातात का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती आहे, हे पाहिल्याशिवाय सूज गोळीच्या माथी मारू नये.

इथे एक खड्डा आहे. टॉर्सेमाइड थांबलं आणि सिरप चालूच राहिलं, असं हमखास होतं, कारण सिरपची बाटली अजून अर्धी शिल्लक असते. टेल्मिसार्टन मुळात पोटॅशियम धरून ठेवतं. त्यावर सिरप, आणि बाहेर काढणारं औषध बंद! पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते आणि आधी काही जाणवतही नाही. दोन्ही एकाच दिवशी बंद झाली पाहिजेत. एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं.

दुसरी जोडी अ‍ॅस्पिरिन आणि पॅन्टोप्राझोलची. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, स्टेंट, बायपास यातलं काहीच झालेलं नसेल, तर अ‍ॅस्पिरिन कशासाठी चालू आहे ते विचारा. २०१८ मध्ये ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीचे निकाल आले. त्यात असा आजार नसलेले १९,११४ ज्येष्ठ होते, बहुतेक सत्तरीपुढचे. हृदयविकार काही कमी झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पण वरच्यापैकी काही झालेलं असेल तर अ‍ॅस्पिरिनला हात लावायचा नाही, आणि मग त्या वयात जठर सांभाळायला पॅन्टोप्राझोलही समर्थनीय ठरतं.

अ‍ॅस्पिरिन गेलं तर पॅन्टोप्राझोलचं कारणही बऱ्याचदा जातं. साध्या आम्लपित्तासाठी ते ४ ते ८ आठवडे द्यायचं असतं, पण चिठ्ठीवर मुदत लिहिलेली नसते आणि वर्षं निघून जातात. झटक्यात सोडलं तर दोन-तीन आठवडे आम्ल उसळतं आणि माणसाला वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय चालतच नाही’. ४० वरून २०, मग एकाआड एक दिवस, मग बंद. मधे जळजळ झालीच तर साधं अँटासिड.

मल्टिव्हिटॅमिन: कमतरता सिद्ध झाली नसेल तर काढून टाका. कॅल्शियमचं तेच, हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध मात्र या वयाच्या मधुमेहीच्या यादीतून शेवटपर्यंत हलवायचं नाही. त्याचा फायदा आरशात दिसत नाही, म्हणून लोक तेच आधी सोडतात.

पावकी_निमकी

यादीबद्दल खलबत्ता यांच्याशी सहमत. उरलेल्या गोळ्यांचा हिशेब मी सांगतो.

स्ट्रिपची किंमत पाहू नका, दिवसाची पाहा. कुठे १० गोळ्यांची स्ट्रिप, कुठे १४ ची, कुठे १५ ची. रोज एक गोळी धरली तर वर्षाला १० च्या ३७ स्ट्रिपा लागतात, १५ च्या २५, आणि १४ च्या २६ घेतल्या तरी एका दिवसाची गोळी कमी पडते. स्ट्रिप ‘स्वस्त’ वाटते ती पुष्कळदा गोळ्या कमी असल्यामुळे. स्ट्रिपच्या किमतीला गोळ्यांच्या संख्येने भागा, दिवसाच्या गोळ्यांनी गुणा, शेवटी ३६५ ने गुणा. वर्षाचा आकडा समोर आला की कुठे भांडायचं ते आपोआप कळतं. बारापैकी दोन-तीन औषधंच निम्म्याहून जास्त पैसे खातात. बहुधा सगळ्यात नवं औषध त्यात असतं. मेटफॉर्मिन कुठून घ्यायचं यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

आता गोळी अर्धी करण्याबद्दल. अनेक औषधांत दुप्पट ताकदीच्या गोळीची किंमत दुप्पट नसते. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन २० आणून अर्धी केली तर बचत खरी आहे. पण सरसकट नाही.

मेटफॉर्मिन एसआर तोडू नका. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं काही असेल तर औषध हळूहळू सुटावं म्हणून गोळीची रचना केलेली असते. तोडली की काही तासांचा डोस एकदम सुटतो. पॅन्टोप्राझोलवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. तोडली की औषध जठरातच मरतं, म्हणजे अर्ध्या पैशात शून्य औषध. अपवाद ठाऊक असू द्या: मेटोप्रोलॉल सक्सिनेटची हळू सुटणारी गोळी मधल्या खाचेवर अर्धी करता येते, पण चावायची किंवा कुटायची नाही.

टेल्मिसार्टन हवेतली ओल ओढून घेतं. ती गोळी आयत्या वेळी फॉइलमधून काढायची, डबीत भरून ठेवायची नाही.

लेव्होथायरॉक्सिन पैशासाठी अर्धं करू नये. एक तर ते महाग नसतं, दुसरं म्हणजे त्यात थोडासा फरकही चालत नाही.

ज्या गोळ्या चालतात त्याही महिन्याच्या एकदम तोडून ठेवू नयेत. एक तोडा, उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी घ्या. तुकडे लहानमोठे झाले तरी दोन दिवसांत बेरीज तीच होते. सुरीने चुरा होतो. गोळी कापायची डबी मिळते, तिचं पातं बोथट झालं की बदला. आणि ज्याला नीट दिसत नाही किंवा ज्याचा हात थरथरतो, त्याच्यावर ही बचत लादू नका.

दोन औषधं एकत्र असलेली गोळी (टेल्मिसार्टन अधिक अ‍ॅम्लोडिपिन वगैरे) बऱ्याचदा वेगवेगळ्या दोन गोळ्यांपेक्षा स्वस्त पडते. पण आधी दोन्हींचे डोस स्थिर होऊ द्या, मग जोडगोळी घ्या. नाहीतर एकाचा डोस बदलायचा म्हणून आख्खी महिन्याची स्ट्रिप कपाटात पडते. आणि जोडगोळी आली की जुन्या सुट्या गोळ्या घरातून बाहेर. दोन्ही चालू राहून दुप्पट डोस जाणं, हा यातला नेहमीचा घोळ.

नव्या औषधाचा पहिला साठा १४ दिवसांचाच घ्या. सोसलं नाही तर तीन महिन्यांची ‘सवलत’ कचऱ्यात जाते.

साशंक

जेनेरिकचं (मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनवलेल्या त्याच औषधाचं) कुणी बोलत नाही ते बरं आहे. त्यात औषध ८० ते १२५ टक्के असलं तरी चालतं म्हणे. म्हणजे या महिन्यात ८०, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचं १२५. यावर साखर ताब्यात कशी राहायची?

मात्रा

साशंक, हा आकडा खरा आहे पण त्याचा अर्थ तो नाही. गोळीत औषध किती भरलंय याच्याशी ८०–१२५ चा संबंध नाही. ती मर्यादा औषधसंहितेत (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमावलीत) वेगळी दिलेली असते आणि बरीच घट्ट असते.

चाचणी अशी होते: साधारण दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक. प्रत्येकाला एकदा मूळ गोळी, एकदा जेनेरिक, मधे औषध पूर्ण उतरेल इतका खंड. दर थोड्या वेळाने रक्त घेऊन औषध एकूण किती शोषलं गेलं आणि सगळ्यात वरची पातळी किती गेली ते मोजतात. मग दोघांचं गुणोत्तर काढतात. नियम असा, की त्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतर पट्टा (खरं गुणोत्तर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याचा भरवसा असतो तो), आणि तोही आख्खा, ८० ते १२५ च्या आत बसला पाहिजे. ज्या गोळीची सरासरी ८० येईल तिचा अर्धा पट्टा ८० च्या खाली लोंबेल आणि ती नापास होईल. पास व्हायला सरासरी शंभराच्या जवळपासच लागते. अमेरिकेत १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा एकूण शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्के निघाला.

तुमच्या शंकेतला खरा भाग वेगळा आहे. दोन जेनेरिकांची तुलना एकमेकांशी होत नाही, प्रत्येकाची मूळ गोळीशी होते. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, स्टॅटिन यांत त्याने काही बिघडत नाही. पण काही औषधांत गुण येणारी पातळी आणि विषारी पातळी यांत बोटभरच अंतर असतं: वॉरफॅरिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लिथियम, डिगॉक्सिन, थिओफिलिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, आणि लेव्होथायरॉक्सिन. अशा औषधांसाठी युरोपात हा पट्टा ९० ते १११ इतका आवळलेला आहे. इथे नियम एकच: कंपनी कोणतीही घ्या, स्वस्त घ्या, पण तीच धरून ठेवा. दर महिन्याला जी मिळेल ती, असं नको.

आडवाट यांच्या बारापैकी या गटात फक्त लेव्होथायरॉक्सिन बसतं. कंपनी बदललीच तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी). आधी केलेली तपासणी फुकट जाते, कारण या संप्रेरकाचं अर्धायुष्य साधारण ७ दिवसांचं आहे. पातळी स्थिरावायला पाच आठवडे आणि मेंदूतल्या ग्रंथीला जुळवून घ्यायला आणखी थोडे.

खरी भीती बाळगायची तर बनावट आणि निकृष्ट मालाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध असं असतं. त्यात महागडे ब्रँडही आलेच, उलट नक्कल करणाऱ्याला महाग ब्रँडच परवडतो. बिलाशिवाय औषध घेऊ नका. बिलावरचा बॅच क्रमांक स्ट्रिपवरच्याशी जुळतो का ते पाहा. बोटाने चुरा होणारी, डाग पडलेली, नेहमीपेक्षा वेगळ्या वासाची गोळी परत करा.

अवांतर: औषधाचं मूळ नाव ओळखता आलं की निम्मं काम झालं. ही आंतरराष्ट्रीय नावं १९५३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून येतात आणि शेवट गट सांगतो. ‘सार्टन’, ‘डिपिन’, ‘प्रिल’, ‘ओलॉल’ रक्तदाबाची, ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलची, ‘ग्लिप्टिन’ साखरेची, ‘प्राझोल’ आम्लाची. दोन वेगळ्या ब्रँडांखाली एकच ‘प्राझोल’ दोनदा चालू असल्याचं या शेपटावरूनच पकडता येतं.

आणखी एक जागा पैशाची: जुन्या औषधाचा एक अर्धा भाग वेगळा काढून नव्या नावाने विकलेला असतो. अ‍ॅलर्जीच्या सेटिरिझिनचं लेव्होसेटिरिझिन, ओमेप्राझोलचं इसोमेप्राझोल. लेव्होसेटिरिझिन ५ मिग्रॅ म्हणजे जवळजवळ सेटिरिझिन १०. दोन्हींचा भाव सारखा असेल तर हवं ते घ्या. नवं म्हणून जास्त पैसे देण्यासारखं त्यात फारसं काही नाही. रक्तदाबाच्या बाबतीतही नवं ते चांगलं असं नाही. २००२ साली ‘ऑलहॅट’ या ३३,३५७ रुग्णांच्या चाचणीत क्लोरथॅलिडोन हे जुनं, स्वस्त औषध नव्या गटांपुढे कुठेच कमी पडलं नाही.

आडवाट

साखळीचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. दोन पुरवणी प्रश्न. सिटाग्लिप्टिन हीच यादीतली महाग गोळी असेल तर तिच्या जागी जुनं स्वस्त काही? आणि पुढे इन्सुलिन लागलं तर बाटली घ्यावी की पेन?

मात्रा

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड स्वस्त आहेत आणि साखर उतरवतात. हृदयाच्या दृष्टीने काळजी असेल तर २०१९ च्या ‘कॅरोलिना’ चाचणीत लिनाग्लिप्टिन (सिटाग्लिप्टिनच्याच गटातलं) आणि ग्लिमेपिराइड सहाएक वर्षं समोरासमोर ठेवले होते, ६,०३३ रुग्ण, हृदयविकारात फरक नाही. पण साखर एकदम उतरण्याचे प्रसंग ग्लिमेपिराइडच्या बाजूला कितीतरी जास्त. म्हणून एकटं राहणाऱ्या, जेवणाच्या वेळा न पाळता येणाऱ्या किंवा मूत्रपिंड मंदावलेल्या माणसासाठी ही बचत महागात पडते. तिथे आधी सिटाग्लिप्टिनचंच जेनेरिक शोधा. जाता जाता ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) बघा. तो ४५ च्या खाली असेल तर सिटाग्लिप्टिन ५० च लागतं, ३० च्या खाली २५. म्हणजे काही जण नको असलेल्या अर्ध्या गोळीचेही पैसे भरत असतात.

पावकी_निमकी

इन्सुलिनचा हिशेब लोक किमतीवर करतात, तो फेकण्यावर करायला हवा. उघडलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत २८ दिवसांनी टाकून द्यायचं असतं (काहींना जास्त मुदत असते, आतल्या पत्रकात लिहिलेली असते).

दिवसाला एकदाच १२ युनिट लागतात असं धरा. २८ दिवसांत ३३६ युनिट.

१० मिलीची, मिलीला १०० युनिटवाली बाटली म्हणजे १,००० युनिट. ६६४ फेकले.
१० मिलीची, मिलीला ४० युनिटवाली बाटली म्हणजे ४०० युनिट. ६४ फेकले.
३ मिलीचं पेनचं काडतूस म्हणजे ३०० युनिट. पण दर टोचण्याआधी सुईतली हवा काढायला २ युनिट जातात, म्हणजे रोजचे १४, आणि काडतूस २१ दिवस पुरतं.

आता दिवसाला ४० युनिट धरा. १,००० युनिटची बाटली २५ दिवसांत रिकामी, फेकणं शून्य. म्हणजे जास्त मात्रा लागणाऱ्याला मोठी बाटली, कमी लागणाऱ्याला काडतूस किंवा ४० ची बाटली. यात आपल्याकडचे भाव घालून बघा.

पण ४० आणि १०० ची गल्लत जिवावर बेतते. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरलं की ते अर्धा मिली होतं. त्यात चुकून १०० चं इन्सुलिन असेल तर २० ऐवजी ५० युनिट गेले. उलट चूक झाली तर २० ऐवजी ८ च जातात आणि साखर का उतरत नाही याचा उलगडा महिनाभर होत नाही. स्वस्त बाटली घेतली की तिच्याच आकड्याची सिरिंज, आणि दुसऱ्या आकड्याच्या सिरिंजा घरात ठेवायच्याच नाहीत.

मात्रा

भर घालतो. एनपीएच (दुधाळ दिसणारं जुनं इन्सुलिन) ग्लार्जिन या नव्या इन्सुलिनपेक्षा स्वस्त असतं आणि टाइप २ मध्ये पुष्कळांना पुरतं. पण ते ४ ते १२ तासांच्या दरम्यान जोर धरतं, ग्लार्जिन दिवसभर सपाट चालतं. रात्री घेतलेलं एनपीएच पहाटे साखर पाडू शकतं. म्हणून एकाचे युनिट दुसऱ्यावर जसेच्या तसे उचलायचे नाहीत. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची आणि पहिले काही दिवस पहाटे तीनला साखर पाहायची. दुधाळ इन्सुलिन घेण्याआधी बाटली तळव्यांत दहा वेळा फिरवायची, दहा वेळा उलटसुलट करायची. घुसळायची नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरू नका.

खलबत्ता

तपासण्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. पुष्कळ घरांत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला चालू असतो: मेटफॉर्मिन स्वस्त आणि रोज दोन पट्ट्या साखरेच्या. फक्त मेटफॉर्मिन आणि ग्लिप्टिनवर असलेल्या, स्थिर माणसाला रोज बोट टोचून फारसं काही कळत नाही. आजारपणात किंवा औषध बदलल्यावर तपासा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गटातलं औषध चालू असेल तर मात्र पट्ट्यांवर कात्री नको. पट्ट्या मूळ डबीतून काढून दुसरीकडे भरल्या की दमटपणाने खोटे आकडे देतात, आणि मग त्या आकड्यांवर औषध वाढतं.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) औषध बदलत असताना तीन महिन्यांनी, स्थिर असताना सहा महिन्यांनी. टीएसएच स्थिर असेल तर वर्षाला एकदा. स्टॅटिन चालू आहे म्हणून दर तीन महिन्यांनी यकृताची तपासणी करायची गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच ही सूचना काढून टाकली. त्यापेक्षा मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ एकदा बघा, शेजारी पॅन्टोप्राझोल असेल तर नक्की. पायाला मुंग्या येतात म्हणून मज्जातंतूंची महाग गोळी सुरू होते आणि मूळ कारण बी-१२ असतं, हे कितीदा तरी निघतं.

पैसे संपले तरी एकदम थांबवायची नाहीत अशी औषधं: मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल (छातीत दुखणं उसळून येतं), क्लोनिडिन (रक्तदाब उसळतो), तीन आठवड्यांहून जास्त चाललेलं प्रेडनिसोलोन, फिटची औषधं, स्टेंटनंतरचं क्लोपिडोग्रेल, झोपेच्या नियमित गोळ्या, नैराश्यावरच्या गोळ्या, आणि टाइप १ मध्ये इन्सुलिन. महिना जड जाणार असेल तर ते साठा संपण्याआधी आठवडाभर डॉक्टरांना सांगा. संपल्यावर सांगितलं तर पर्याय बसवायला वेळच उरत नाही.

साशंक

सगळं पटलं, पण डॉक्टरांपुढे ‘ही गोळी का?’ म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात.

खलबत्ता

‘का’ विचारू नका. “महिन्याला एवढेच जमतात. या यादीत सगळ्यात आधी काय टिकवायचं आणि शेवटी काय?” असं विचारा. क्रम लावायला सांगितलं की डॉक्टर स्वतःच खालची दोन-तीन नावं खोडतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि ‘किती दिवस’ लिहून मागा. ही दोन्ही त्याच भेटीत मागा. नंतर फोनवर मागितली की राहून जातात.

आडवाट

शेवटचं: हे सगळे बदल एकदम करायचे का?

मात्रा

अजिबात नाही. काही बिघडलं तर कशाने ते कळणार नाही. तुमच्या नमुन्यात डॉक्टरांनी होकार दिला तर क्रम साधारण असा: आधी मल्टिव्हिटॅमिन, त्याने काही हलत नाही. मग अ‍ॅम्लोडिपिन कमी, टेल्मिसार्टन वाढवून, आणि त्याच दिवशी टॉर्सेमाइड व पोटॅशियम बंद. रोज एकाच वेळी बसून रक्तदाब लिहायचा, एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन. महिनाभर आकडे नीट राहिले तर अ‍ॅस्पिरिनचा निर्णय. पॅन्टोप्राझोल सगळ्यात शेवटी उतरवा, कारण जठरातलं आम्ल परत आलं की लेव्होथायरॉक्सिन जास्त शोषलं जातं आणि आहे तोच डोस जड होऊ शकतो. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं याकडे लक्ष ठेवा, आणि पॅन्टोप्राझोल पूर्ण थांबल्या दिवसापासून सहा ते आठ आठवडे मोजून टीएसएच करा. कॅल्शियम ठेवलंच असेल तर ते थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. सकाळी दोन्ही एकत्र घेत असाल तर आधी ते सुधारा, कारण त्या चुकीमुळेच डोस वाढवून ठेवलेला असू शकतो.